हातभर अंतर

आमची प्राची लहानपणापासून लाजाळू. माझ्या बहिणीची एकुलती एक पोर, पण घरी पाहुणे आले की ते जाईपर्यंत मोरीत हातपाय धूत बसायची. अशी पोरगी फोटोग्राफी शिकायला पोलंडला निघाली, तेव्हा मी तिला तोंडावर विचारलं, "बाई गं, माणसांचे फोटो काढायला माणसांसमोर जावं लागतं, ठाऊक आहे ना?"

"लांबून काढीन मावशी," म्हणाली.

आणि तसंच केलं तिनं. फोटोत नुसते पूल, रस्ते, झाडं, माणसं मुंगीएवढी. तिच्या मॅडमचं डोकं फिरलं. शेवटच्या फोटोमालिकेत माणसं नीट दिसली नाहीत तर पुढच्या वर्षाला घेणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्यातच दसरा आला. प्राचीचे वडील, आमचे देवचंद दाजी, पारोळ्यात पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. माणूस सोन्यासारखा, पण खंडेनवमीला ऐकत नाही कुणाचं. दुकानातलं एकेक यंत्र उघडायचं, पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, मग हळदकुंकू वाहायचं. मी शेजारीच ब्लाउज शिवते, तर माझ्या मशीनलाही सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी प्राचीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेऱ्याची पूजा करायला बसवलं. धुळ्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून घेतलेला जुना कॅमेरा, एकच लेन्स. पोरीनं वरच्यावर कुंकू लावलं, तर यांना पटेना.

"बंद यंत्रनी पूजा व्हस का कधी? खोल ती लेन्स. तेल लाव."

बापाचा शब्द. तिनं लेन्स काढली, कडेच्या फिरत्या रिंगला तेल लावलं आणि वर कुंकू वाहिलं. मी कपाळाला हात लावला, पण दाजींचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. बोलणार कुणाशी?

दोन दिवसांनी प्राचीचा फोन, मला एकटीला. तेलात कालवलेलं कुंकू आत उतरलं होतं आणि रिंग फिरेना. लेन्स एकाच जागी अडकलेली. हातभर अंतरावरचं तेवढं स्वच्छ दिसायचं, त्याच्या पुढचं सगळं धूसर. दुरुस्तीवाल्यानं दिलेली तारीख मालिका द्यायच्या दिवसानंतरची होती. कॉलेजचे कॅमेरे वरच्या वर्गांनी आधीच नेलेले. मोबाईल चालणार नव्हता.

"आबांना सांगू नको मावशी. त्यांना फार लागेल."

दाजींनी व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा "थंडीनं जरा अडकतोय" म्हणाली, आणि हात गेला कानाच्या पाळीला. खोटं बोलताना तिचा हात तिथंच जातो, लहानपणापासून. दाजींनी पाहिलं नाही, मी पाहिलं. मला दाजींचा इतका राग आला की त्या दिवसापासून त्यांचा चहा मी घेणं सोडलं. त्यांना कारण कळेना.

प्राची पहिले दोन दिवस रडली. मग भिंत, खुर्ची, किटली यांचे फोटो काढून पाहिले. मी म्हटलं, "किटली बघायला ठेवलंय का तुला तिथं? जा खाली, माणसं आहेत की."

गेली बिचारी. इमारतीत खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. वर्षभरात प्राचीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दार वाजवलं, मोडक्यातोडक्या भाषेत फोटोचं विचारलं आणि अंतर बरोबर आहे का हे बघायला आपला हात पुढे केला. म्हातारीला वाटलं, पोर हात मिळवतेय. तिनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. प्राचीनं दुसऱ्या हातानं फोटो काढला. नंतर सूप पाजलं म्हातारीनं, आणि आपल्या बहिणीकडे पाठवलं.

मग पाववाली, ट्राम चालवणारा दाढीवाला, चर्चबाहेर झाडू मारणारी बाई. हिनं हात लांब केला की समोरचा हातात हात द्यायचा. कुणी हसायचं, एक जण तर रडला म्हणे, कारण विचारायची हिची हिंमत झाली नाही. घाम फुटायचा हिला, तरी रोज जायची. फोनवर आवाज मोठा झाला होता तिचा. मला तर भरून यायचं.

निकालाच्या दिवशी तिनं कॉल लावला. मी दाजींच्या दुकानात जाऊन बसले. भिंतीवर ओळीनं फोटो लावलेले, प्रत्येकात समोर एक चेहरा आणि खाली तिच्या हातात त्या माणसाचा हात. पुढच्या वर्षाला घेतलं होतं तिला. दाजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांना नको तेच सुचलं.

"पूजा पावनी ना व पोरी?"

आता या माणसाला काय सांगणार ही?

"पावली आबा," प्राची म्हणाली. "त्या पूजेमुळेच झालं सगळं."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. कानाकडे गेला नव्हता. मी उठले आणि दाजींना म्हटलं, चहा सांगा.