फौजीभाऊ, म्हशीमार्फत

माझ्या मोठ्या दिरांची वाचा गेली होती, आणि मी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्याला चांगलं वळण समजत होते. माहेरी जाऊन सांगूनही आले, की आमचे भासरे इतके मर्यादेचे, मी घरात असले की तोंडच उघडत नाहीत.

चूक माझी एकटीची नव्हती असं म्हणता येईल, पण कशाला म्हणा. आमच्या सानगडीकडे तेव्हा भासरे आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नसत. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, आजही घेत नाही. गाव त्यांना फौजीभाऊ म्हणायचं.

पलटणीत जाण्याआधी ते दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घेत, आणि त्यांचा आवाज तलावाच्या पाळीपलीकडे जायचा म्हणे. मग लढाई झाली. ती संपल्यावर त्यांना घरी पाठवलं. अंगावर ओरखडा नव्हता, फक्त बोलत नव्हते. सासूबाई अंगारे आणत. भंडाऱ्याचा डॉक्टर घसा बघून गेला. शेजारणी "बोल ना रे बाबू" म्हणत रडत. मी त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. मला वाटे, जिवंत परत आला म्हणून रडतात. नव्या सुनेला कोणी काही सांगत नाही, आणि मी विचारण्यातली नव्हते, सांगण्यातली होते.

तर काम सांगायचं असलं की मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची. "म्हशी, पऱ्हे उपटून ठेवले हायेत, रोवणीले बांधीत नेऊन द्या म्हणाव." ते मुकाट्यानं धानाच्या रोपांच्या जुड्या उचलत. "म्हशी, आज भाजीत मीठ जास्त झालं, खाऊन घ्या म्हणाव." ते खात. इतका समजूतदार माणूस मी पाहिला नव्हता.

धान पिकलं तेव्हा मी म्हशीला म्हटलं, की विळा घेऊन कापणीला या म्हणाव. मग गोठ्यातून गंजलेला आवाज आला.

"म्हशी, तिले सांग. पिकल्या धानात पाय ठेवणं होत नाही माह्यानं. तिकडं आमी उभं धान तुडवत गेलो. माहा जोडीदार त्याच धानात पडला. मी थांबलो नाही. थांबाचा हुकूम नोहता."

मी कोण मोठी शहाणी. म्हटलं, "म्हशी, मंग खळ्यावर कापल्या धानाचा पुंजणा रचा म्हणाव. कापाचं आमी पाहून घेऊ."

मागे सासूबाई दारातच बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, भासऱ्यांना काम सांगितलं म्हणून. पदर सारखा करून मी माफी मागितली. तेव्हा कुठे मला घरातलं दुःख कळलं.

पुढे ते बोलू लागले, पण बेतानं. शाळेत झेंडावंदनाला बोलावून लढाई कशी होती विचारलं, की म्हणत, "डाळ पातळ होती." मुलं टाळ्या वाजवत. पिकल्या धानात ते कधीच उतरले नाहीत. खळ्यावर रचलेला त्यांचा पुंजणा मात्र बघत राहावा असा. माझ्याशी बोलणं म्हशीमार्फतच. म्हशी विकल्या, ट्रॅक्टर आला, मग आम्ही ट्रॅक्टरला सांगू लागलो.

मागच्या वर्षी शेवटच्या आजारात ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहून म्हटलं, की तेव्हा मला काहीच समजलं नाही, याचं वाईट वाटतं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाले,

"बाई, तुले समजलं असतं त तूबी बाकीच्यायसारखी रडत आली असती. बरं झालं, तुले अक्कल कमी होती."