जिजीची घडी

“इकडे ये वं पोरी. ऐक, मन्ही घडी चाली ऱ्हायनी का?”

असं म्हणून जिजी माझं डोकं धरायची आणि सरळ आपल्या छातीवर टेकवायची. परवानगी वगैरे काही नाही. मी सुरतेच्या इंग्रजी शाळेत वाढलेली, नुकतीच घरी परतलेली, कोणी अंगाला हात लावला की आक्रसून जाणारी. पण कान टेकला की आत खरोखरच टक्, टक् ऐकू यायचं, डबीत गोटी वाजावी तसं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या नंदुरबारात असं हृदय दुसरं कोणाचं नव्हतं. मुंबईत तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती; तीच तिची घडी, तिचं घड्याळ. दवाखाना जवळ असावा म्हणून ती कोरीटहून आमच्या शेजारी, भावाकडे राहायला आली होती. दवाखाना म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, आणि डॉक्टर म्हणजे माझे बाबा.

मिरचीच्या दिवसांत ती ओट्यावर बायकांबरोबर देठ खुडत बसे. तुम्ही मिरची खुडणाऱ्या बायका पाहिल्या असतील. एकीला शिंक आली की सगळ्यांना येते, आणि मग क्षणभर सगळ्या गप्प होतात. त्या क्षणात जिजीची टकटक ओट्यावर स्पष्ट ऐकू येई.

“चोरी करता येवाव नही माले,” ती म्हणे, “आवाज धरी दी.”

बायका पुन्हा हसून शिंकत. मला अहिराणी सगळी समजे, बोलता मात्र यायची नाही. मी नुसती हसायची.

झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तिला रोज घ्याव्या लागत. ‘पातळ’ या शब्दावरच तिचा राग होता. “रगत वाढाले लोके गूळ खातस, आनि हाऊ डॉक्टर ते पातळ करस!” हातावर निळे डाग उठायला लागले तेव्हा गोळ्यांनीच रक्त बिघडतंय अशी तिची खात्री पटली. तिने कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या, दवाखान्यात येणं सोडलं, आणि गूळ-शेंगदाणे सुरू केले.

एके दिवशी तिचा भाऊ गल्लीत गूळ वाटत आला. “आवाज बंद व्हयना! जिजी बरी व्हयनी!”

मी तिच्याकडे गेले. ती उशाला टेकून बसली होती, बोलताना धापा टाकत होती, पण चेहरा आनंदी. तिने माझं डोकं धरलं. आत टक् नव्हतं. ओल्या कापडाखाली काहीतरी दबून हलावं, तसं होतं.

बाबांपुढे पेशंट बसले होते. मी कधी त्या खोलीत जात नसे. त्या दिवशी गेले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “बाबा, जिजीची झडप अडकली आहे.”

त्याच दिवशी तिला मुंबईला न्यायचं ठरलं. स्टेशनवर बाबा जिजीच्या भावाला समजावत होते, “गाठ काढायला पुन्हा छाती उघडणं तिला झेपायचं नाही. शिरेतून औषध देऊन बघतील.” भाऊ मान हलवत होता. हातात अजून गुळाची पुडी होती.

जिजीने माझ्याकडे पाहिलं, पण हात उचलवेना. मग मीच वाकले आणि कान टेकला. इंजिन वाफ सोडत होतं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

“आवाज उना का?”

“उना, जिजी,” मी म्हणाले. माझ्या तोंडून निघालेली ती पहिली अहिराणी.

ती हसली. “मंग चाली ऱ्हायनी शे.”

भाऊ एकटाच परत आला. आमच्या ओट्यावर बसून त्याने सांगितलं. शिरेतून औषध चालू असताना एका सकाळी आवाज परत आला होता. जिजीने लगेच नर्सला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीवर दाबलं, “ऐक!” म्हणाली. नर्सला भाषा कळली नाही, पण ती ऐकत राहिली. दुपारी गाठीचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला.

अजूनही मिरचीच्या दिवसांत त्या ओट्यावर बायका बसतात. एकीला शिंक येते, सगळ्यांना येते. मग सगळ्या गप्प होतात, आणि मी दारात श्वास रोखून उभी राहते.