घरीच असते

हे लिहायला बसतो आणि पुन्हा उठतो. पण आमच्या नातेवाइकांत एका डॉक्टरांचं नाव खराब झालंय, ते माझ्यामुळे. म्हणून लिहितो.

बायको न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पिंपळगावहून नाशिकला नेलं. डॉक्टरांनी मला आणि मुलाला आत बोलावलं. ती तिकडे वॉर्डात, पायाला वजन बांधून पडलेली.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर म्हणाले. "खुब्याच्या सांध्यातला नुसता गोळा बदलायचा, नाहीतर गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी, दोन्ही. दोन्हीचं ऑपरेशन मोठं, सांधा निखळायची भीतीही थोडी जास्त. पण भरपूर चालणाऱ्या माणसाला पुढे तेच बरं पडतं. नुसत्या गोळ्यानं वाटी झिजू शकते. बाई दिवसभर काय करतात?"

"काही नाही. घरीच असते."

आमच्याकडे बायकोबद्दल असंच सांगतात. खरं तर ती पहाटे द्राक्षबागेत गेली की दिवेलागणीला परतायची. घडांच्या विरळणीला मजूरबायकांच्या पुढे असायची.

"शेतात वगैरे जातात?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"जाते कधीमधी."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मोठ्या ऑपरेशनची धास्ती होतीच. पण मनात हेही होतं, की आता या वयात तिला बागेत कशाला जायचंय!

नुसता गोळा बसवला. ती काठी टाकून पुन्हा बागेत जाऊ लागली. काही वर्षांनी जांघेत दुखायला लागलं. आता बांधावर बसूनच बायकांना हाका मारते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "डॉक्टरनं चुकीचा सांधा घातला." मी मुकाट्यानं चहा पितो.

परवा पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. वाटी झिजलीय, तीही बदलावी लागेल, म्हणाले. मग त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, दुखणं सुरू होण्याआधी दिवसभर काय करायचात?"

"यांना इचारा ना. मागं यांनीच सांगितलं व्हतं. मला तरी कुठं ठाऊक, मी काय करते!"

मुलगा हसला. म्हणजे त्यानं तिला तेव्हाच सांगितलं होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागलो. पहाटेचं पाणी, विरळणी, भरलेले क्रेट. "डॉक्टर, तेव्हा मी खोटं सांगितलं," हेही म्हणालो. डॉक्टर लिहून घेत होते. मी थांबलो.

"छाटणीच्या काड्या राहिल्या," ती म्हणाली. "त्या कोण येचतं, ते बी सांगा."