वाचून दाखवलेलं हक्कसोडपत्र

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकिणीला विचारावं लागतं. अकरा वर्षं विचारलं. शेवटी कळंब्यात, तलावाच्या अलीकडे, एक बैठं घर मनासारखं मिळालं. तीन खोल्या, मागं परडं, परड्यात शेवगा. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, मी शाळेत शिकवते. दोघांनी धावपळ करून बँकेचे कागद जमवले. घर पाहून आल्या दिवसापासून मी मनानं तिथं राहायलाच गेले होते. पडद्यांचं कापडसुद्धा आणून ठेवलं. इतकी मी उतावळी.

वकिलांनी फाइल चाळून सांगितलं, "घर मालकाच्या वडलांचं. त्याला एक बहीण आहे. तिनं हक्क सोडल्याशिवाय बँक पुढं सरकायची नाही."

घरमालक दूधडेअरीवाला, मोठ्या आवाजाचा माणूस. तो हसायलाच लागला. "त्येचं काय टेन्शन घेताय पावणं? बहीण हाय माझी. जेवायला घालतो, एक साडी घेतो, सही करून जातीया."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडं असंच चालतं. बहिणीनं वाटणी मागितली की माहेर तुटलं म्हणतात, आणि सही दिली की गावभर कौतुक. उलट दोन दिवसांत काम उरकणार म्हणून माझा जीव भांड्यात पडला. मालकाच्या बायकोबरोबर महाद्वार रोडला जाऊन ती साडी मीच निवडली.

ठरल्या दिवशी बहीण निपाणीहून सकाळच्या एसटीनं थेट रजिस्टर ऑफिसात आली. माझ्याहून थोडी मोठी, तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी. वाचता येत नव्हतं; सही तेवढी गिरवायला शिकली होती. भावानं आमची ओळख करून दिली, साडी तिच्या हातात दिली आणि कागद पुढं केला. तिनं साडी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं वळली.

"तुमी शाळंत शिकीवतासा न्हवं? मला वाचून दावा की."

"अक्का, त्यात वाचायचं काय?" भाऊ म्हणाला. "कळंब्याचं घर इकालोय, तेवढंच हाय."

"मग वाचू देत की."

मी वर्गात वाचते तसं ठसठशीत वाचायला लागले. मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय वगैरे झालं आणि मिळकतीची यादी आली. पहिलं कळंब्याचं घर. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. कागलकडची उसाची दोन रानं आणि विहिरीतला हिस्सा.

मालक माझ्याकडं टक लावून बघत होता. नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. पहिल्या ओळीवर थांबले असते तर घर माझं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मी थांबले. पान नीट करायच्या निमित्तानं थांबले, आणि तेवढ्या वेळात मला ते पडदे आठवले. मग स्वतःचीच लाज वाटली. चारही ओळी वाचल्या, गट नंबरांसकट.

"रानबी?" तिनं भावाला विचारलं.

"एकदमच करूया म्हटलं, अक्का. तुला सारखा हेलपाटा नको."

"माझा हेलपाटा वाचीवलास व्हय!" एवढंच बोलून तिनं साडी टेबलावर ठेवली आणि स्टँडची वाट धरली.

घर गेलं. परतताना गाडीवर मागं बसून मी त्या माणसाचा उद्धार करत होते. सख्ख्या बहिणीला कुणी असं फसवतं? शिकलेली नाही म्हणून काहीही खपवायचं? रंकाळ्याजवळ नवऱ्यानं गाडी जरा हळू केली. मग मान न वळवता म्हणाला, "तुझ्या दादांच्या कागदावर तूपण सही केलीस की. वाचलं हुतंस?"

मी गाडी थांबवायला लावली. वडलांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि दादा, माझा थोरला भाऊ, असेच रजिस्टर ऑफिसात गेलो होतो. दादानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. घराच्या दुरुस्तीला लागतंय म्हणाला होता. येताना मोरपंखी साडी घेऊन आले आणि शेजारपाजारी मिरवलीसुद्धा.

तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याला फोन लावला. "दादा, माझ्या त्या कागदात काय काय होतं रे?"

"हक्कसोड व्हय?" तो मोकळेपणानं हसला. "अगं, सगळंच की."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, ओशाळलेपणही नव्हतं. "तुझ्या घराचं काय झालं?" तो मायेनं विचारत राहिला. त्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून घेतलं. मला येत होतं.