दोर मेहुण्याच्या हाती

आमच्या मंडळींचे किस्से सांगायला बसलो की लोक आधी हसतात आणि मध्येच गप्प होतात. आम्ही तरी काय करणार! विहिरीत, तळ्यात बुडालेलं वर काढायचं काम. हंडा निघाला तर हसायचं, माणूस निघाला तर हात जोडायचे. एकेक करत इतके साठलेत की कुठला आधीचा, कुठला नंतरचा, तेही आता नीट आठवत नाही.

हुबळीच्या बाजारात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. आजोबा मिरजेकडून आलेले. कुणाची कळशी विहिरीत पडली की बाई पहिल्यांदा माझ्यापुढे येऊन रडायची, आणि मी धारवाडला भीमण्णाकडे निरोप धाडायचो. असा मी या मंडळीत शिरलो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं.

*

भीमण्णा आमचा पाणबुड्या. तरुणपणी बंदराच्या दगडकामाला म्हणून तुतिकोरिनला गेला आणि तिथे मोत्याचे शिंपले काढणाऱ्यांत मिसळला. पायाला दगड बांधायचा, कमरेला दोर, नाकाला चिमटा, आणि एका श्वासात तळ गाठायचा. "खाली पोवळ्याची झाडं असतात, केशवअण्णा," तो मला सांगायचा. "लाल, पिवळी. मासे पाखरांगत फिरत्यात. पण हात लावला की चामडी सोलून निघते."

एकदा त्याच्या जोडीदाराचा पाय त्या पोवळ्यांत अडकला. त्यानं दोराला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे वर ओढ. होडीत दोर धरलेला माणूस रोजंदारीचा. तो तंबाखू मळत होता. प्रेत वर आल्यावर म्हणाला, "मला वाटलं लाटेची ओढ आहे!"

तिथले जुने पाणबुडे दोर फक्त बायकोच्या भावाच्या हातात देत. भीमण्णानं तो नियम तिथून उचलला. "सख्खा भाऊ वाटणीपायी सोडंल. मेहुणा सोडणार नाही. बहिणीला विधवा करायची हौस कुणाला असती?"

गावी परतल्यावर लग्नाचं निघालं. मुलगी दाखवली. बाकीचे स्वयंपाक, शिवण विचारत होते. भीमण्णानं एकच विचारलं, "भाऊ आहे का?"

*

भाऊ होता. नरसू. नवरीचा, म्हणजे गौरव्वाचा, एकुलता एक भाऊ, आणि पाण्याला असा भ्यायचा की आंघोळसुद्धा डोळे मिटून, तांब्यातांब्याने! पोहणं तर सोडाच, काठापासून आठ हात मागे टाचा रोवून बसायचा आणि तिथून दोर धरायचा. खुंटाला कधी बांधायचा नाही, कारण हिसका हाताला कळायला हवा. भीमण्णा उडी मारण्यापूर्वी दर वेळी म्हणायचा, "बिडब्याड, नरसू." म्हणजे सोडू नकोस.

मी एकदा नरसूला चिडवलं, "अरे, एवढी भीती, मग हे काम कशाला?"

"भीती हाय म्हणूनच घट्ट धरतो की!"

*

हुबळीच्या रेल्वे कारखान्यातल्या एका फिटरनं साहेबाच्या मासिकात पाणबुड्याचं शिरस्त्राण पाहिलं आणि रॉकेलच्या डब्याला डाख देऊन काच बसवून तसंच बनवलं. हवेसाठी रबरी नळी आणि सायकलचा पंप! टेस्टिंगला भीमण्णा तयार होईना. मग मूर्खपणा कुणी करायचा? मी.

विहिरीत छातीपर्यंत गेलो तोवर झकास. मग डबा गळू लागला. फिटर वरून जोरात पंप मारतोय आणि ओरडतोय, "हवा येतेय का?" डब्यात हनुवटीपर्यंत पाणी! दोन हिसके द्यायचे हेच मी विसरलो. तरी नरसूनं मला पोत्यासारखा वर ओढला. त्याला कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "दोर थरथरत होता. माणूस भ्याला की थरथरतो."

तेव्हा मी खूप हसलो होतो.

*

रायापूरची विहीर. एक म्हातारा दोन दिवस बेपत्ता, काठावर त्याच्या वहाणा. भीमण्णा उतरला. गर्दीतून एक बाई म्हणते, "खाली चाललाच आहात तर माझी कळशी पण बघा!" मला संताप आला. पण कळशी आमच्याच दुकानातली होती, काय बोलणार!

म्हातारा निघाला. पण भीमण्णा पुन्हा खाली गेला आणि आणखी एक निघाला. अनोळखी, बऱ्याच दिवसांचा. हवालदारानं वहीकडे पाहिलं, प्रेताकडे पाहिलं, आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "या दुसऱ्याची तक्रारच नाही. त्याला परत ठेवा!"

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मला अजून लाज वाटते.

अळणावरकडे एका खोल विहिरीत माणूस गाळात रुतला होता. भीमण्णा आणि नरसू दोघे तिकडे गेले होते. इकडे गौरव्वाला ताप चढला. तो निरोप घेऊन मीच गेलो. भीमण्णानं मला बाजूला घेतलं. "नरसूला सांगू नका. त्याचा हात थरथरला तर मी खालीच राहीन. हे प्रेत निघू दे, लगेच निघतो." मलाही ते पटलं. मी गप्प बसलो. प्रेत निघायला दोन दिवस लागले. घरी पोचलो तेव्हा गौरव्वाची चिता विझली होती.

निरोप आधीच आला होता हे नरसूला पुढे कळलं. तो भीमण्णाशी बोलेनासा झाला. माझ्याशीही.

तीन महिन्यांनी केलगेरीच्या तळ्यात धोब्याची सून कपडे धुताना घसरून बुडाली. सकाळची वेळ, काठावर तिचा नवरा ऊर बडवतोय. भीमण्णा कमरेला दोर बांधून उभा, आणि दुसरं टोक धरायला कुणी नाही. मी म्हटलं, "मी धरतो." त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली.

तेवढ्यात गर्दीतून नरसू पुढे आला. त्यानं दोराचं टोक उचललं.

भीमण्णा हळूच म्हणाला, "आता तुझी अक्का नाही, नरसू. सोडलास तर तुला विचारणारं कोण?"

नरसूनं दोराचे दोन वेढे स्वतःच्या कमरेभोवती घेतले, गाठ मारली आणि चालत अगदी पाण्यापर्यंत आला. पाणी घोट्याला लागलं तसं त्यानं डोळे मिटून घेतले.

"जावा, दाजी."

भीमण्णा वाकला. नरसूच्या कमरेची गाठ त्यानं चाचपून पाहिली, आणखी घट्ट आवळली, आणि उडी मारली.