चाकणवाल्यांचे विरोधकसाहेब

चाकणवाल्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या म्हणण्याला ठाम विरोध करणारा एकच माणूस निघाला आणि तो माणूस मी आहे, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि खुद्द चाकणवाल्यांना तर नाहीच नाही. ते बिचारे कित्येक वर्षं त्या माणसाच्या शोधात आहेत आणि या शोधकार्यात त्यांचा प्रमुख सल्लागार मीच आहे. भांडायला शोधत असते तर मी एव्हाना कबूल होऊन मोकळा झालो असतो. पण त्यांना त्या माणसाला शेजारी बसवून, चहा पाजून, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे. आपल्या विरोधकावर इतकी माया करणारा माणूस सबंध पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि नेमका तो माझ्या वाट्याला यावा!

आमच्या धंद्यात माणसाला गावावरून हाक मारतात. ते चाकणच्या कारखान्यांना आणि आसपासच्या वस्त्यांना इंटरनेट पुरवतात म्हणून चाकणवाले, मी सांगवीत तेच करतो म्हणून सांगवीवाले. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, मूळचे केबल टीव्हीतले, आणि जेसीबी दिसला की त्यांच्या अंगात येतं. चाकणला कुठे ना कुठे रस्ता खणलेला असतोच, आणि जमिनीखालून गेलेली आमची वायर त्या पिवळ्या सोंडेला फार आवडते. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांना मंगल कार्यालयाच्या खिडकीतून ती सोंड हलताना दिसली. भटजींनी अक्षता हातात दिलेल्या, डोक्याला फेटा, अशा अवतारात ते तडक रस्त्यावर गेले आणि खड्ड्यात उतरून उभे राहिले. परत आले ते जेसीबीच्या ड्रायव्हरला जेवायला घेऊनच. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दातओठ खात विचारलं, "आपली होती का वायर?" तर म्हणाले, "न्हाई, तळवड्याच्या पोराची व्हती." तळवड्याचा पोरगा म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. त्यांची गिऱ्हाइकं पळवणारा. "अगं, वायर ती वायर. त्याचं बंद पडलं की लोक आपल्या नावानं बी बोंब मारत्यात."

प्रतिस्पर्धी ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात कधी नीट शिरली नाही. पूर्वी चाकणच्या कारखान्यातून भोसरीच्या वर्कशॉपला एखादं ड्रॉइंग पाठवलं की ते आधी मुंबईला, कधी कधी तर पार सिंगापूरला जाऊन भोसरीत उतरायचं, कारण इथले आम्ही ऑपरेटर एकमेकांशी जोडलेले नव्हतो; एकमेकांची तोंडंही बघत नव्हतो. चाकणवाल्यांनी सगळ्यांना मोशीच्या एका हॉटेलात मिसळ खायला बोलावलं आणि विचारलं, "चाकणचं पोरगं, भोसरीची पोरगी, आन वरात सिंगापूरवरून? लाज वाटती का राव कुनाला?" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसण्याच्या भरात आम्ही एका खोलीत आपापल्या वायरी आणून एकमेकांना जोडून टाकल्या. ती खोली आजही चालू आहे. किल्ली तळवड्याच्या पोराकडे असते.

आता त्यांचं फोनाचं वेड. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा एक पत्ता असतो. कुठले पत्ते आपल्याकडे राहतात हे प्रत्येक ऑपरेटर आपल्या शेजारच्या ऑपरेटरला सांगतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं करत ते जगभर पोचतं. सगळा कारभार असा शब्दावर चालतो. एखाद्यानं चुकून दुसऱ्याचे पत्ते आपल्या घरी राहतात असं सांगितलं, तर त्या दुसऱ्याचं सगळं टपाल याच्या दारात येऊन पडतं. अशा वेळी बोलवायला पोलीस नसतो. कुणीतरी फोन उचलून "अहो, तुमची चूक होतेय" एवढं सांगावं लागतं. हे काम चाकणवाले स्वतःहून करतात, ज्याचं बिघडलं त्याच्याशी आपला संबंध असो वा नसो. एकदा कुठल्याशा बेटावरच्या ऑपरेटरला त्यांनी फोन लावला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "हॅलो सर, आय ॲम युवर नेबर." तो माणूस गोंधळून म्हणाला, शेजारी कसे असाल, आमच्या चारी बाजूंना समुद्र आहे. चाकणवाल्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "समुद्रापल्याडच्याला काय म्हनत्यात हो विंग्रजीत?" मी सांगेपर्यंत त्या माणसानं आपली चूक दुरुस्तसुद्धा केली होती. पुढे दिवाळीला ते त्याला चकल्यांचा फोटो पाठवायला लागले.

त्यांची तिसरी खोड म्हणजे हरकत. पत्त्यांचे नियम कुणी सरकारी साहेब करत नाही. जगभरचे ऑपरेटर सभेला जमतात आणि आपसांत ठरवतात. कुणीही उठून प्रस्ताव मांडावा. तिथे बहुमताला किंमत नसते. अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत? असली तर ती आधी ऐकायची, तिचं उत्तर शोधायचं, मगच पुढे जायचं. ही पद्धत चाकणवाल्यांना इतकी आवडली की त्यांनी ती घरी आणली. सोसायटीच्या लिफ्टला रंग कुठला, यावर त्यांनी "कुनाची हरकत?" विचारलं आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींची, ज्या लिफ्ट वापरतच नाहीत, हरकत निघाली म्हणून लिफ्ट वर्षभर बिनरंगाची राहिली. घरात आमटी की पिठलं, यावरही तेच. वहिनी म्हणतात, "यांची सहमती होईस्तोवर भाताचा दगड होतो."

असा हा माणूस एकदा स्वतःचा प्रस्ताव घेऊन उभा राहिला. सभा त्या वर्षी वाकडच्या एका हॉटेलात होती. प्रस्ताव साधा होता: ज्याच्या नावावर पत्ते आहेत, पत्त्यांच्या वहीतल्या त्याच्या नोंदीत असा फोन नंबर असावा की जो वाजल्यावर कुणीतरी जाणता माणूस उचलेल. अधूनमधून नंबर लावून बघावा, कुणी उचलला नाही तर त्याच्या नावापुढे लाल खूण करावी. त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं त्यांनी त्या दोन वाक्यांत आणलं होतं.

आता माझं. माझ्या नोंदीत जो नंबर होता तो मी केव्हाच सोडून दिला होता आणि तो पुढे एका दातांच्या दवाखान्याला मिळाला होता. माझ्या नेटवर्कची तक्रार करायला कुणी परमुलखातून फोन केला की त्याला रूट कॅनालसाठी गुरुवारची वेळ मिळायची. सगळ्यांना हे विनोदी वाटायचं, मीही हसायचो. नंबर मी सोडला त्याचं कारण मात्र विनोदी नव्हतं. धंद्याच्या सुरुवातीला माझ्याच हातून दुसऱ्याचे पत्ते माझ्याकडे असल्याचं सांगितलं गेलं होतं. कुठूनसा फोन आला. पलीकडचा माणूस इंग्रजीत ओरडत होता आणि मी रिसीव्हर कानाला लावून उभा होतो. "सॉरी" एवढा शब्दसुद्धा तोंडातून फुटेना. त्या दिवसापासून फोन वाजला की मी खोलीबाहेर जातो. ऑफिसात मी एकटाच. उचलणार कोण?

लाजऱ्या माणसांना माइकपाशी जाता येत नाही म्हणून सभेत मोबाइलवरून कौल द्यायची सोय आहे. नाव दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. माझं बोट "तीव्र विरोध"वर गेलं. पडद्यावर सगळं हिरवंगार आणि त्यात एक लाल रेघ. अध्यक्ष म्हणाले, एकच हरकत आहे, ज्यांची असेल त्यांनी बोलावं. कुणी उठेना. मी बुटाची नाडी बांधत होतो. अध्यक्ष म्हणाले, मग संमत धरू या. तेव्हा चाकणवालेच माइकपाशी गेले. "थांबा राव. एक मानूस न्हाई म्हनतोय. त्याला कायतरी दिसलं असंल, जे मला न्हाई दिसलं." आणि त्यांनी आपलाच प्रस्ताव मागे घेतला.

तिथून विरोधकसाहेबांचा जन्म झाला. दर सभेला नवा मसुदा, आणि दर मसुद्याला माझी लाल रेघ. एकदा विरोध केल्यावर तो मागे घ्यायलाही कारण लागतं आणि ते मला देता येत नव्हतं. त्यांना वाटलं, साहेबांना फालतू फोनांचा त्रास होईल. मग त्यावर एक कलम आलं. वाटलं, साहेबांना इंग्रजी येत नसेल. मग आपल्या भाषेत बोलायची मुभा आली. तरी रेघ तशीच. शेवटी ते सांगवीला माझ्या ऑफिसात आले आणि समोर बसले. "तुमी शिकलेलं हाय. तुमाला काय अडचन आली असती, सांगा."

मी कीबोर्डवरची धूळ पुसली. मग म्हणालो, "माणूस एकटा असेल. आणि फोन वाजला की घाबरत असेल."

"म्हंजे लाजरा?"

"असेल."

"आरारा," चाकणवाले म्हणाले. "आन मी त्याच्या नावापुढं लाल खून करायला निघालो व्हतो." मग उठले. "सोपं हाय की. त्याचा फोन शेजाऱ्यानं घ्यायचा."

पुढच्या मसुद्यात तेच कलम होतं: ज्याला फोन घेता येत नाही, त्यानं शेजारच्या ऑपरेटरचा नंबर त्याच्या संमतीनं लिहावा. त्या सभेत पडद्यावर लाल रेघ उमटली नाही. टाळ्या पडल्या, नियम झाला. आणि ज्यांनी तो वर्षानुवर्षं घासूनपुसून उभा केला, ते माझ्या शेजारी हिरमुसून बसले होते. "कुठल्या शब्दावर राजी झालं असतील ते? निदान सांगून तरी जायचं."

मी त्यांना विचारून माझ्या नोंदीत त्यांचा नंबर लिहिला. "लिवा की," एवढंच म्हणाले. अडचण मी सांगितली नाही आणि त्यांनी विचारली नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. आता ऐकू कमी येतं, फोन स्पीकरवर ठेवून हातभर लांब धरतात. चहा पिता पिता म्हणाले, "सांगवीवाले, गेलं तर नसतील ना हो ते?"

"कोण?" मी माहीत असून विचारलं.

"विरोधकसाहेब. येवढा ठाम मानूस, आन एकदम न्हाईसाच झाला. मला आपलं वाटतं, आजारी असतील, सभेला आलं नसतील, आन आपन त्यांच्या माघारी नियम करून बसलो." मी बशीतला चहा ओठांशी नेला आणि बोलायचं ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला. चाकणवाल्यांनी तो लांब धरला, माझ्यासाठी नेहमी येणारा नंबर ओळखला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि माझ्याहून मोठ्या अभिमानानं म्हणाले, "हॅलो, सांगवी स्पीकिंग. बोला."

माझे फोन ते अजून घेतात. ते पुस्तकं वाचत नाहीत, त्यामुळे इथं लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. मी त्यांना दोन वाक्यं देणं लागतो. विरोधक मी होतो. शेजाऱ्याच्या नंबरावर मी राजी झालो.