साडूभाऊ आणि टायरवरचा आकडा

नाशिकपासून इगतपुरीपर्यंत टायरमधलं माझ्याइतकं कोणाला कळत नाय. हे मी आधी चारचौघांत बोलायचो. आमच्या मनमाडच्या थोरल्या साडूभाऊंनी एकदा ऐकल्यापासून ते गावात नसतानाच बोलतो. तसा माणूस देवानं एकच केला, अन् तो नेमका माझ्या बायकोच्या बहिणीला दिला.

साडूभाऊंची उभी नोकरी मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. डब्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, ह्यात माल एवढाच भरायचा. रिटायर झाले तरी त्यांना वाटतं, जगातल्या समद्या वस्तूंवर असं कुठंतरी लिहिलेलं असणार, फक्त आपल्याला दिसत नाय. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी ती उलटी करून बघतात. लिफ्टमधली पाटी वाचल्याशिवाय दार लावू देत नाय, अन् मग आतल्या माणसांकडं एकेक करून असं बघतात, की जाड माणूस आपणहून बाहेर पडतो. भाचीच्या लग्नात फोटोला स्टेजवर पंधरा जण चढले, तर हे खालून ओरडले, "चौघं उतरा! फळ्या कोणी तपासल्या?" पहिला उतरला तो नवरदेवाचा मामा. तो आजवर आमच्याशी बोलत नाय. माझ्या ताटात चौथी भाकरी पडली की ते गप माझ्या पोटाकडं बघतात. मग ती भाकरी मला गोड लागत नाय. खातो, ती गोष्ट वेगळी.

मागच्या भाताच्या हंगामात इगतपुरीकडच्या एका राईस मिलवाल्या शेठनं मला सांगितलं, डोंगरातल्या वाड्यांवरून भाताचे कट्टे खाली आणायचे. पहिली खेप बघतो, जमली तर अख्खा हंगाम तुझा. माझ्या पिकअपला तोवर टमाट्याशिवाय धंदा नव्हता, अन् टमाट्यानं त्या साली पार मारलं होतं. हे भाडं गेलं असतं तर गाडीच विकायची वेळ होती. अन् टायर तर असे गुळगुळीत, की त्यात बघून दाढी करावी.

साडूभाऊ नेमके आमच्याकडं आलेले. दुकानात सोबत आले. मला बटण टायर आवडला, हे मोठमोठे गोटे असलेला. चिखलात चालतो का नाय ते देवाला ठाऊक, पण पारापाशी गाडी उभी केली की माणसं वळून बघणार! साडूभाऊंनी चष्मा लावला, उकिडवे बसले, टायरच्या गालावरचं बारीक अक्षर वाचलं अन् खिशातली डायरी काढली.

"पाहुणे, ह्याच्यावर शंभर लिहिलंय. शंभर म्हणजे आठशे किलो. एका टायरला."

"भाऊ, पण दिसतो कसा बघा ना!"

"दिसायला तुम्हीपण बरे दिसता."

दुकानवाला तोंड फिरवून हसला. मग साडूभाऊंनी विचारलं, "गाडीत माल किती भरता?"

आता आमच्या धंद्यात हा प्रश्न आरटीओवाला नायतर पोलीसच विचारतो, अन् त्याचं उत्तर आम्हाला झोपेतबी पाठ असतं. तोंडातून आपोआप कागदावरचा आकडा निघाला, "बारा क्विंटल." खरं तर वीसच्या खाली आम्ही गाडीला चावीच लावत नाय.

"नक्की?"

"आईशप्पथ!"

आई बिचारी तेव्हा घरी बाजरी निवडत होती.

साडूभाऊंनी डायरीत मांडणी केली अन् डांबरावर अन् चिखलात दोन्हीकडं चालणारा एक टायर निवडला. त्यावर एकशे सात. "नऊशे पंच्याहत्तर किलो. गाडीचं वजन अन् मागच्या दोन चाकांवरचा जादा भार धरला तरी बारा क्विंटलला पुरून थोडी ढील राहते. आकडा माझा हाय, पहिल्या खेपेला मी येणार."

खेपेच्या दिवशी ते वाडीवर एका घरी चहा पीत होते तेवढ्यात मी पन्नास किलोचे चाळीस कट्टे चढवून दोरी आवळली. ते बाहेर आले. कट्टे मोजले. परत मोजले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या सीटवरची छत्री अन् पिशवी घेतली अन् डोंगर उतरायला लागले.

"भाऊ, बसा ना!"

"गाडीवर आठ क्विंटल जास्त हाय. त्यात माझे सत्तर किलो कशाला?"

पुढं छत्रीवाला म्हातारा, मागं पहिल्या गेअरमधी मी. जशी काय त्यांची वरात काढलीय. गवताचा भारा घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "बाबा, गाडी बिघडली का?"

"गाडी चांगली हाय," साडूभाऊ म्हणाले.

बाईनं माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्या वळणावर मी खाली उतरलो. मागच्या टायरचं पोट माझ्या पोटासारखं बाहेर आलेलं. खाली दोनशे हात दरी. शेजारच्या घराच्या ओट्यावर गुमान सोळा कट्टे उतरवले अन् म्हणालो, "भाऊ, आता बसा."

"आता बारा पुरे झाले."

"ढील होती ना थोडी?"

"ती खड्ड्यांसाठी."

डांबरी सडकेपर्यंत चाललेच. राहिलेल्या सोळा कट्ट्यांची दुसरी खेप केली तेव्हा कुठं गाडीत बसले. मिलवर पोचायला दिवस मावळला. दोन खेपा का झाल्या ते साडूभाऊंनी सांगितलं, शेठनं तोंड वाकडं करून कट्टे मोजले. एकबी फुटला नव्हता, एकबी भिजला नव्हता. "हंगाम तुझा," तो म्हणाला, "पण त्या म्हाताऱ्याला रोज आणायचं." मी लगेच कबूल झालो. मला कबूल व्हायला येळ लागत नाय.

पण त्या उतारानं साडूभाऊंचे गुडघे धरले. मनमाडला गेले ते परत आलेच नाय. शेठ रोज विचारायचा, मी रोज सांगायचो, "येतायत मागून." अख्खा हंगाम चोवीसच कट्टे नेले. पंचविसावा उचलला की डोळे पुढच्या रिकाम्या सीटकडं जायचे, अन् कट्टा परत खाली.

परवा फोन लावला. बायकोला म्हटलं, दुकानात खोटं बोललो त्याची एकदा माफी मागून टाकू. उचलल्या उचलल्या त्यांनी विचारलं, "हवा किती भरता?" मग हवा, मग झीज, मग पुढचे टायर मागं कधी घालायचे. अर्धा तास दोघं खूश. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, शेठ आठवण काढतो. यंदा येताय ना?" ते "बघू," म्हणाले.

फोन ठेवला तर बायको भाकरी थापता थापता थांबलेली.

"माफी मागायला फोन लावला होता ना? गुडघे कसेत, एवढंबी नाय विचारलं तुम्ही."